वरच्या गमल्यांची चाबी

६ एप्रिल १९९२

मिलची नवी डायरी यंदा आली नाही. मिललाच टाळं, तर डायरी कुठून येणार! म्हणून गेल्या वर्षीची, जी कोरीच पडून होती, ती काढली. तारीख जुळते, वार चुकतो. वार खोडायचा आणि लिहायचं. सव्वीस वर्षं विणाई खात्यात सुपरवायझर होतो, रोजचा रिपोर्ट लिहायची सवय आहे. आता रिपोर्ट द्यायला कोणी नाही म्हणून स्वतःलाच देतो.

आजचा रिपोर्ट असा. आमच्या वरच्या मजल्यावरचे देवेंद्रजी आणि सुलोचनाताई पुण्याला गेले, मुलाकडे. सुजय कुठल्याशा विदेशी कंपनीत लागलाय. आमचा भोंगा बंद झाला त्याच महिन्यात त्याला ऑर्डर आली. पेढे घेऊन आले होते, मी खाल्ला. आता जूनपर्यंत नाही येत म्हणाले. सुलोचनाताईंचा जीव त्यांच्या गमल्यांत. वरची गॅलरी भरून मोगरा, जास्वंद, अबोली, गुलाब, कसले कसले क्रोटन. इंदूरचा मे महिना आणि पाणी नाही, म्हणजे सगळ्याची लाकडं होणार.

तर निघताना त्यांनी घराची चाबी वसुधाच्या हातात दिली. मी तिथेच उभा होतो. वसुधाला घरात सतरा कामं, मी दिवसभर रिकामा, हे त्यांना दिसत नाही का? दिसतं. मग मला का नाही दिली? "वहिनी, तुमच्यावर सोडून चाललोय," असं वर म्हणाल्या. बायकोवर विश्वास, नवऱ्यावर नाही. मिल बंद पडली म्हणजे माणूस चोर झाला काय?

वसुधाला म्हटलं तर म्हणाली, "अहो, झाडांना पाणी घालायचंय. त्यात विश्वासाचं काय आलं?"

आलंच तर. सगळं त्यातच आलं.

११ एप्रिल

मालोजीचं तेरावं होतं. माझ्याच खात्यातला, माझ्याच पाळीतला. विहिरीत पाय घसरला असं घरचे सांगतात. त्या विहिरीवर तो लहानपणापासून पाणी भरत होता. तिथे पाय घसरला म्हणे! सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. जेवण चांगलं होतं. त्याची बायको पंगतीत वाढायला आली नाही.

घरी आल्यावर वसुधाने विचारलं, कसं होतं सगळं. मी म्हटलं, "कसं असणार! मालोजी सुटला. हिंमतवाला निघाला गडी." एवढंच बोललो आणि कपडे बदलायला गेलो. बाहेर आलो तर ही जिथे होती तिथेच उभी, हातात तसाच भरलेला तांब्या. म्हटलं, पाणी देतेस की नाही? तेव्हा दिलं.

१५ एप्रिल

घरात काहीतरी चाललंय.

आधी माझी ब्लेडं गेली. नवीन पुडी होती, आरशामागे ठेवलेली. वसुधा म्हणते संपली असतील, आणि आता न्हाव्याकडेच जात जा, तेवढंच बाहेर जाणं होतं. बावीस वर्षं हिला माझी दाढी दिसली नाही, आता एकदम न्हावी सुचला. मग ढेकणांचं औषध. मोरीवरच्या फळीवर बाटली होती, नाही. "मुंग्यांना घातलं," म्हणाली. आख्खी बाटली मुंग्यांना? आईच्या झोपेच्या गोळ्या, ती गेल्यापासून अलमारीत पडून होत्या, त्याही गायब. आणि काल बाथरूमची कडी निखळली. स्क्रूसकट. म्हटलं, बाजारातून आणून लावतो. तर म्हणे राहू द्या, दोघंच तर आहोत, कडी कशाला. पन्नाशीला आलेला माणूस दार लोटून आंघोळ करतोय आणि आतून गाणं म्हणतोय, म्हणजे बाहेरच्याला कळावं!

वस्तू पाय फुटून जात नाहीत. कुठेतरी पाणी मुरतंय.

१६ एप्रिल

रात्री जाग आली तर ही बसलेली, भिंतीला टेकून. डोळे उघडे, माझ्याकडे. विचारलं तर म्हणाली, गर्मी होतेय. पंखा तिच्याच अंगावर होता. परवाही असंच झालं होतं. बाईमाणूस रात्री बसून काय हिशेब करत असेल नवऱ्याकडे बघत?

१९ एप्रिल

संध्याकाळी कृष्णपुऱ्याला राजांच्या समाध्यांच्या छत्र्यांपाशी गेलो. नदीकडे बसलो. नदी म्हणजे काय, नालाच झालाय, पण पुलाखाली एका जागी पाणी आहे. बराच वेळ बसलो.

उठायला वळलो तर मागे वसुधा! हातात कापडी पिशवी. "अगंबाई, तुम्ही इथे?" मी म्हटलं, तू इथे कशी? तर म्हणे, भाजी घ्यायला आले. स्नेहलतागंजमधून उठून, वाटेतली सगळी भाजी सोडून, कृष्णपुऱ्याला कोण भाजी घेतं? आणि पिशवी रिकामी. शिवाय पायात घरातली स्लिपर. बाहेर जाताना ही कधी चप्पल बदलल्याशिवाय पायरी उतरली नाही, लग्नापासून.

मग म्हणाली, चला, पोहे खाऊ. हिला बाहेरचं खायला आवडत नाही, हे मोहल्ल्याला ठाऊक आहे. आग्रह करून प्लेट खायला लावली, वरून जलेबी. माझा दंड धरून चालत होती, भर रस्त्यात. लोक बघत होते. मी हात सोडवला.

माझ्यावर पाळत आहे. कारण कळत नाही.

२३ एप्रिल

हरी रोज येतो. हरी म्हणजे आमच्या युनियनचा जुना माणूस, पोट पुढे, गुडघे मागे. चार महिने त्याला माझी आठवण नव्हती. आता गेल्या आठवड्यापासून दुपारचं जेवण झालं की दारात हजर. "शरद भिया, चलो गेटवर. सभा आहे." सभा काय कपाळाची! टाळं लागलेल्या गेटासमोर चिंचेखाली बसायचं, कोर्टात काय झालं ते एकाने सांगायचं, दुसऱ्याने ते खोटं आहे म्हणायचं, मग चहा. मी नको म्हटलं तर हरी बसूनच राहतो. आणि गंमत बघा, वसुधा लगेच माझा शर्ट आणून देते. आधीच काढून ठेवलेला असतो.

आज कंटाळलो आणि मधूनच परतलो. घराला बाहेरून कडी. वरच्या जिन्यावर वसुधाच्या चपला. म्हटलं पाणी घालत असेल, येईल. ओट्यावर बसलो. येईना. एवढ्या वेळात माझ्या सगळ्या लूम शेडला पाणी मारून झालं असतं. शेवटी आली खाली, तर डोळे लाल, केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ उठलेले. मला बघून अशी दचकली की भिंतच धरली.

"आज लवकर?"

"का, यायचं नव्हतं?"

"तसं नाही हो," म्हणाली आणि पदर सारखा करत आत गेली.

लिहायला हात धजत नाही, पण रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. हरी मला बाहेर काढतो, ही शर्ट आणून देते, मग ही वर जाते. रिकाम्या घरात. दार लावून.

२४ एप्रिल

हरी तर माझ्या शेजारीच बसलेला असतो चिंचेखाली. म्हणजे हरी नाही. हे काल सुचायला हवं होतं. आज त्याच्या त्या पोटाकडे बघून मनातल्या मनात माफी मागितली.

मग कोण?

३० एप्रिल

आमची लेक स्मिता येऊन गेली देवासहून, नवऱ्याला न सांगता सवरता दोन दिवस. म्हणे कैरीचं लोणचं घालायला. लोणचं ती तिथे घालू शकत नाही? कैऱ्या इंदूरलाच लागतात? वर फोन आहे देवेंद्रजींचा, तिथूनच बोलावणं गेलं असणार. मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजतात, मी गेलो की लोणच्याबद्दल बोलतात. काल दारामागे उभा राहून एवढंच ऐकलं. स्मिता: "मग बाबांना विचारून का नाही टाकत एकदाचं?" वसुधा: "विचारलं आणि हो म्हणाले तर?"

काय हो म्हणालो तर? घर भाड्याचं. सोनं होतं ते स्मिताच्याच लग्नात गेलं. सोडचिठ्ठी? मी हो म्हणेन अशी भीती की मी हो म्हणेन अशी आशा? रात्रभर तेच.

जाताना स्मिता पाया पडली आणि उठेचना. मग मिठी मारली. लग्नात मारली नव्हती एवढी घट्ट. "बाबा, सप्टेंबरात मला बरं नसणार, तुम्ही लागाल मला. लक्षात ठेवा." म्हटलं, काय झालं सप्टेंबरात? लाजली. आजोबा होणार मी. ही गोष्ट अशी सांगतात का? धमकी दिल्यासारखी?

४ मे

सापडला उपाय. एकदाचा.

ही वर जाते कशासाठी? झाडांना पाणी घालायला. झाडांना पाणी आपोआप मिळालं तर? वर जायचं कारणच संपलं! मग बघू काय करते.

उपाय साधा. भरलेली बाल्टी उंचावर स्टुलावर ठेवायची. सुताचं एक टोक पाण्यात, तळापर्यंत. दुसरं टोक गमल्याच्या मातीत बोटभर खोल. सूत पाणी ओढतं, माती ओली राहते, हळूहळू, दिवसरात्र. लोक गावाला जाताना असं करतात. आणि सूत म्हटल्यावर कुणाला विचारायचं, मला! माळ्यावर मिलचं सूत आहे, ताण्याचं, म्हणजे मागावर उभं लागतं ते, एक नंबर माल. बंद व्हायच्या आधी आणलेल्या दोन लडी जपून ठेवल्या होत्या. कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं.

वसुधाकडून चाबी मागितली. दिली, पण चेहरा उतरला. "कशाला त्रास घेता? मी घालते की पाणी."

"तुला सतरा कामं."

"मला आवडतं ते काम."

"आवडतं, ते मला दिसतंय," म्हटलं.

दिवसभर वर होतो. आठ पेडी दोरे वळले, बाल्ट्या मांडल्या, बाल्टीपासून गमल्यापर्यंत ताणून दोरे लावले. आख्खी गॅलरी सुताने भरली. मधे उभं राहून बघितलं आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. कित्येक महिन्यांनी माझ्यासमोर ताणा लागला होता. अजून काहीतरी करता येतं मला.

घराची झडतीही घेतली, पलंगाखालीसुद्धा. कोणी नव्हतं. स्वयंपाकघराला मात्र आतलं वेगळं कुलूप आहे.

जाताना गमल्यांना एकदा भरपूर पाणी घातलं, कुलूप लावलं, चाबी खिशात.

९ मे

जाऊन बघितलं. माती ओली! मोगरा डवरलाय. जास्वंदीला कळ्या. अबोली तर काही विचारू नका. ऊन असं की डांबर वितळतंय आणि माझे गमले हिरवेगार! हरीला सगळी तरकीब सांगितली. म्हणाला, "भिया, पेटंट घे." चिंचेखाली सगळ्यांनी ऐकलं. कोणी खोटं म्हणालं नाही.

वसुधाला म्हटलं, बघ, तुझ्यावाचून चाललंय. "हो, छान झालंय," म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय हल्ली. भाजी परतता परतता उभ्या उभ्या पेंगली आज, पदर पेटायचा राहिला. ओरडलो तिच्यावर.

१२ मे

आज क्रमाने लिहितो.

वर गेलो होतो. माती ओली, झाडं टवटवीत. सहज बाल्टीत डोकावलो. बाल्टी भरलेली. दुसरी, तीही जवळजवळ काठोकाठ. उन्हाने आटलं ते सोडलं तर मी भरली होती तेवढीच, वर थोडी धूळ तरंगत होती. दोरा हातात घेतला तर मधोमध कोरडा ठणठणीत. पाण्यातलं टोक वर काढलं, तर तेसुद्धा नुसतं झटकलं की कोरडं.

मग आठवलं. मिलमध्ये आमच्याकडे येणारं सूत कोरं. कोऱ्या कापसाला अंगचं मेण असतं, त्यावर ताण्याला कांजी आणि चरबी. पाणी धरूच नये अशीच त्याची तयारी. ते सोड्यात तासन्‌तास उकळायचं, मग पाणी पितं. ते काम ब्लीचिंग खात्याचं, भिंतीपलीकडचं. आम्ही विणाईवाले त्यांना धोबी म्हणायचो. सव्वीस वर्षं मी चांगलं सूत म्हणजे जे ओलं होत नाही ते, असंच बघत आलो, आणि तेच घेऊन पाणी ओढायला बसलो.

पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की दोऱ्यांनी पाणी दिलेलं नाही. मग माती ओली कशी? कोणीतरी वर येतंय. चाबी माझ्या खिशात. म्हणजे दुसरी चाबी आहे. आणि मला कळू नये म्हणून बाल्ट्यांना हात न लावता, नळाचं पाणी आणून घालतंय. आणि तोंडावर "छान झालंय"!

चिंचेखाली सगळ्यांना सांगून बसलोय मी.

१३ मे

तिला काही कळू दिलं नाही. हसत होतो दिवसभर. उद्या.

१४ मे

हरीबरोबर निघालो. गेटाच्या अलीकडे पोटात दुखतंय म्हटलं, परत फिरलो. हरी मागे लागला, मी सोडतो घरी, मी सोडतो. त्याला चुकवायला एका दुकानात शिरून मागच्या दाराने निघालो. या वयात!

वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. बूट हातात घेतले. स्वयंपाकघर उघडं, कोणी नाही. गॅलरीतून आवाज येत होता, घोरण्याचा. मनात म्हटलं, आता सापडले.

गमल्यांच्या मधे चटईवर वसुधा झोपली होती. एकटी. तोंड उघडं, एक हात जास्वंदीच्या गमल्यावर. पाण्याचा डबा पायाशी. माझे सगळे दोरे तिने बाजूला सारले नव्हते, त्यांच्याखालून वाकून चटई घातली होती. उशाशी वेताची टोपली, वर टॉवेल. टॉवेल उचलला. माझी ब्लेडं! ढेकणांच्या औषधाची बाटली, भरलेली. आईच्या गोळ्या. बाथरूमची कडी, स्क्रू कागदात गुंडाळून.

बरी सापडलीस, असंच आलं पहिलं मनात. उठू दे, मुद्देमालासकट पकडली. एका पालथ्या गमल्यावर बसलो आणि कडी हातात घेऊन वाट बघू लागलो.

बसल्या बसल्या विचार करत होतो. ब्लेडं ठीक, कोणाला दिली असती. पण कडी कोण चोरतं? कडीचं काय करतात? कडी लावतात. आतून लावतात.

मग टोपलीत पुन्हा एकदा बघितलं.

किती वेळ बसलो माहीत नाही. ती उठली, मला बघितलं आणि तिच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा! "हरी कुठेय? तुम्हाला एकटं कसं सोडलं त्याने?"

"तू त्याला सांगितलंयस?"

"मग कोण सांगणार?" उठून बसली. "तुम्ही चार माणसांत असलात की मला झोप लागते. खाली नाही लागत. खाली प्रत्येक आवाज तुमचाच वाटतो."

"हे काय आहे सगळं?" टोपलीला पाय लावला मी.

"तुम्ही मालोजींना हिंमतवाला म्हणालात. आणि जे तोंड करून म्हणालात, ते मी बघितलंय."

मी ओरडलो. खूप ओरडलो. मला काय वेडा समजतेस, मी पोर आहे का, डोक्यात भलतंच घेऊन बसलीस, मोहल्ल्यात माझा तमाशा केलास, हरीला, स्मितालासुद्धा. ती ऐकत होती. माझं झाल्यावर तिने टोपली माझ्या मांडीवर ठेवली.

"भलतं असेल तर न्या खाली. तुमचंच आहे."

मी नेली.

१५ मे

टोपली पलंगाखाली आहे. कडी मी लावलेली नाही.

१६ मे

हात रिकामे बसवेना म्हणून धुण्याचा सोडा टाकून दोन्ही लडी उकळायला ठेवल्या. पाणी पिवळं झालं, वर मेणाची साय आली, वास थेट मिलचा. धुऊन, पिळून, वाळवून एक दोरा परातीत टाकला. बुडाला! बघता बघता तळाला गेला. पुन्हा सगळे दोरे वळले, वर जाऊन लावले. संध्याकाळी बाल्टी उतरली होती आणि माती ओली होती. आता खरंच पाणी घालायला कोणी वर जायची गरज नाही.

दोरे लावताना एकेक आठवत होतं. ती स्लिपर घालून कृष्णपुऱ्यापर्यंत धावली असणार. मी हात सोडवला होता तिचा.

१७ मे

एप्रिलच्या एकोणीस तारखेचा रिपोर्ट खोटा आहे. खोटा म्हणजे अर्धा. मी नदीकडे बसायला गेलो नव्हतो. निघताना घड्याळ काढून आरशापाशी ठेवलं होतं, स्मितासाठी. ते लिहिलं नाही. पाणी पुरेसं आहे का ते बघत होतो. नव्हतं, म्हणून बसलो, आणि अजून बसलोच होतो. तेवढ्यात "अगंबाई" आली. घड्याळ तिने बघितलं असणार.

आणि ते शेवटचं नव्हतं. मेच्या पहिल्या दोन दिवसांबद्दलही काही लिहिलेलं नाही. स्मिता गेल्यावर. मग दोऱ्यांचं सुचलं आणि ते राहिलं.

एवढे शक घेतले मी. हरीवर, सुलोचनाताईंवर, पोटच्या पोरीवर. सगळे झूठ. या घरात एकच शक खरा होता, तो तिचा. आणि मी तिच्यावर ओरडलो.

सकाळी टोपली आणि ही डायरी घेऊन वर गेलो. ती गुलाबाची वाळलेली पानं काढत होती.

"ही ठेव परत."

"का? भलतंच आहे ना माझ्या डोक्यात?"

"भलतं नव्हतं," म्हटलं. मग सगळं सांगितलं. घड्याळाचं, पाण्याचं, त्या दोन दिवसांचं. गॅलरीच्या कठड्याकडे बघून सांगितलं, तिच्याकडे बघून जमलं नसतं.

मला वाटलं रडेल. रडली नाही. टोपली घेतली, आत नेऊन स्वयंपाकघरात ठेवली, कुलूप लावलं, चाबी पोलक्यात टाकली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आज?"

पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारलं. मी खरंच विचार केला.

"आज नाही."

"उद्या सकाळी परत विचारीन. रोज विचारणार. खोटं बोलायचं नाही."

"विचार."

"आणि परवा डॉक्टरकडे यायचं. हरीचा भाचा आहे एम.वाय. हॉस्पिटलमध्ये, त्याच्याशी बोलून ठेवलंय मी."

"कधी?"

"कधीचंच," म्हणाली. "तुम्ही शक घेण्यात बिझी होता."

मी हसलो. तीही हसली थोडं, मग खालीच बसली, म्हणाली, मी जरा पडते. चटई मी घातली. उशी नव्हती, माझा शर्ट गुंडाळून दिला. डोळे मिटायच्या आधी मनगट धरलं माझं. झोप लागली तरी सोडलेलं नाही, म्हणून हे डायरी गुडघ्यावर ठेवून एकाच हाताने लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.

आत्ता खालून हरीची हाक आली. "शरद भिया! चलते क्या?" पुन्हा एकदा, मोठ्याने. मी बसल्या जागेवरून मान लांब करून कठड्याच्या फटीतून हळूच सांगितलं, "आज नाही रे. ओरडू नको, वसुधा झोपली आहे."